चालत्या कारखान्याच्या वह्या

आजच्या भाषणाचा विषय एखाद्या शाळामास्तरानें निवडावा असा नाहीं, हें मी आरंभींच कबूल करतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. आयुष्य गेलें तें मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत. परंतु निवृत्त झाल्यापासून चाकणच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून, मी आठवड्यांतून तीन दिवस हिशेबाच्या कामास मदत करावयास जातों. तेथें जें पाहिलें व चुकत-माकत शिकलों, तें आपणांपुढें मांडावें असा हेतु आहे. आपल्यांपैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, जांवई याच धंद्यांत असतील. ते घरीं सांगतात, 'आज रात्रीं मायग्रेशन आहे,' आणि रात्रभर परत येत नाहींत. ते काय करीत असतात, आणि तें काम नीट झालें कीं नाहीं हें कशावरून ठरतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ सालीं स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथून कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन पोंचली. या पट्ट्यांत मोटारी जोडणारे मोठे कारखाने थोडे, आणि त्यांस सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने पुष्कळ. मोठा कारखाना सुट्या भागांचा फार साठा ठेवीत नाहीं. माल तासांच्या हिशेबानें मागवितो. लहान कारखान्याची गाडी वेळेवर गेली नाहीं तर मोठ्या कारखान्याची सबंध रांग थांबण्याचा प्रसंग येतो. आणि ती गाडी फाटकाबाहेर काढावयाची तर नुसता माल तयार असून भागत नाहीं. बिल लागतें, ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे त्यांस दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यावयाचें बिल १ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी संकेतस्थळावर नोंदवावें लागतें, शिवाय इ-वे बिल लागतें. हे सर्व कागद कारखान्याच्या डेटाबेसांतून निघतात. तो बंद पडला तर माल असूनही गाडी हलत नाहीं.

आमच्या कारखान्याची सर्व माहिती कार्यालयाच्या कोपऱ्यांतील एका सर्व्हरवर होती. यंत्र जुनें झालें होतें, त्याच्या दोन डिस्कांपैकीं एक निकामी झाली होती. म्हणून माहिती क्लाउडवर न्यावी असें ठरलें. या पट्ट्यांतील पुष्कळ कारखान्यांप्रमाणें आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारीं असते. बुधवारीं दुसरी पाळी सुटल्यावर काम थांबवावें, माहितीची नक्कल करावी, ती नव्या जागीं उतरवावी, आणि शुक्रवारीं पहिल्या पाळीस सर्व तयार असावें, असा बेत होता. मध्यें सबंध एक दिवस मोकळा. मग चिंता कसली, असें सर्वांना वाटलें. परंतु गुरुवार हा जसा सुट्टीचा, तसाच वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही दिवस, हें ठाऊक असून कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. सकाळीं वीज गेली, तासाभरांत बॅटरी संपली, आणि नक्कल अर्ध्यावर तुटली. संध्याकाळीं पहिल्यापासून आरंभ करावा लागला. शुक्रवारीं उजाडतां माहिती नव्या जागीं पोंचली खरी, पण बिलांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले. त्या क्रमांकांचीं बिलें त्या आर्थिक वर्षांत आधींच नोंदलेलीं होतीं. संकेतस्थळानें तीं नाकारलीं. दुपारपर्यंत गाड्या फाटकाशीं उभ्या होत्या. तयार माल ठेवावयास जागा उरली नाहीं, म्हणून दुसऱ्या पाळीस आलेल्या कंत्राटी कामगारांना परत पाठवावें लागलें. त्यांतल्या एका बाईंनीं मला विचारलें, "गुरुजी, आमची हजेरी लागंल का?" मला उत्तर देतां आलें नाहीं, कारण हजेरीही त्याच सर्व्हरवर होती.

त्या दिवशीं माझ्या मनाशीं एक गोष्ट पक्की झाली. खोळंबा लहान कीं मोठा, हें त्या एका रात्रींच्या धांवपळीवर ठरत नाहीं. तें त्यापूर्वींच्या दोन-तीन महिन्यांच्या तयारीवर ठरतें. ती तयारी कोणती, हें समजण्याकरितां प्रथम डेटाबेस म्हणजे काय तें पाहूं.

शाळेंत जनरल रजिस्टर असतें. त्यांत मुलाचें नांव, जन्मतारीख व दाखल झाल्याचा दिवस एकदांच लिहितात, आणि मुलाला एक क्रमांक देतात. पुढें फीच्या वहींत किंवा दाखल्यावर तो क्रमांक आला कीं तो तोच मुलगा. त्याची जन्मतारीख पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाहीं, व दोन ठिकाणीं दोन तारखा पडण्याचें भयही राहत नाहीं. माहिती अशा वेगवेगळ्या कोष्टकांत मांडावी आणि तीं कोष्टकें क्रमांकांनीं एकमेकांशीं जोडावीं, हा विचार आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. या पद्धतीच्या डेटाबेसास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याचे दोन कडक नियम ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. एक, जो गिऱ्हाईक-क्रमांक गिऱ्हाइकांच्या कोष्टकांत नाहीं, तो बिलांच्या कोष्टकांत येतां कामा नये. दुसरा, एका व्यवहाराच्या सर्व नोंदी एकदम व्हाव्या, नाहीं तर एकही होऊं नये. साठ्यांतून माल वजा झाला आणि बिल मात्र झालें नाहीं, अशी अर्धवट स्थिति त्यांत राहूं देत नाहींत.

क्लाउड या शब्दानें मात्र फसूं नये. माहिती कांहीं ढगांत जात नाहीं. ती दुसऱ्याच्या मोठ्या इमारतींतील यंत्रांवर जाते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें अशीं केंद्रें पुणें, मुंबई व चेन्नई येथें २०१५ सालीं उघडलीं, आणि अॅमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस उघडलें. तेथें वीज, थंडावा, पहारा व राखीव यंत्रें यांची व्यवस्था असते, आणि कारखानदार भाडें भरतो. म्हणजे हें घर बदलण्यासारखेंच आहे. फरक इतकाच कीं, घर बदलतांना आपण एक दिवस चूल बंद ठेवतों. कारखान्याला ती सवड नसते.

आतां खोळंबा कां होतो, याचा एक हिशेब करूं. माहिती २०० गिगाबाइट आहे आणि बाहेर जाणारी तार सेकंदास ५० मेगाबिट वाहून नेते, असें धरा. एका बाइटाचे ८ बिट, म्हणून एकूण १,६००,००० मेगाबिट झाले. त्यांस ५० नें भागलें तर ३२,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ९ तास. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षांत तार पूर्ण वेगानें क्वचितच चालते, आणि माहिती उतरल्यावर तिच्या सूची नव्यानें बांधावयास आणखी वेळ लागतो. एवढा वेळ काम थांबवावें तर गाड्या उभ्या राहतात. आणि न थांबवावें तर नक्कल होत असतांनाच नवीं बिलें होत राहतात व नक्कल शिळी होते.

या पेंचांतून सुटण्याची युक्ति आपल्या जुन्या दुकानदारांस नवी वाटणार नाहीं. दुकानांत दोन प्रकारच्या वह्या असतात. कीर्दींत दिवसाचा प्रत्येक व्यवहार जसा घडला तसा ओळीनें उतरतात, आणि खतावणींत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडतात. खतावणी जळाली तरी जुनी प्रत आणि त्यानंतरची कीर्द हातीं असल्यास ती पुन्हा उभी करतां येते. डेटाबेसही अशीच कीर्द ठेवतो. कोष्टकें ही त्याची खतावणी, आणि प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, जिला इंग्रजींत लॉग म्हणतात, ती त्याची कीर्द. तेव्हां रीत अशी: काम चालू असतांनाच एका ठराविक क्षणाची नक्कल नव्या जागीं न्यावी, मग तिला ९ तास लागोत कीं २० तास लागोत. त्या क्षणानंतरची कीर्द तारेवरून सतत पाठवावी, आणि नव्या जागीं ती खतावत राहावी. हळूहळू नवी वही जुनीला गांठते, आणि दोहोंत कांहीं सेकंदांचेंच अंतर उरतें. यास रेप्लिकेशन म्हणतात. पोस्टग्रेस या लोकप्रिय डेटाबेसांत ओळवार बदल असे पाठविण्याची अंगभूत सोय २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. ही सोय असली म्हणजे शेवटच्या रात्रीं फक्त ते कांहीं सेकंद भरून काढावयाचे असतात.

चालतें काम न थांबवितां पाया बदलण्याची ही रीत संगणकापुरतीच आहे असें नाहीं. मुंबईच्या लोकल १९२५ सालापासून १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धांवत होत्या. त्या २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर न्यावयाच्या होत्या. गाड्या महिनाभर बंद ठेवणें अशक्य. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील अशा गाड्या आधीं आणल्या, जास्त दाबास योग्य अशी तारांची तयारी केली, पुलांखालचें अंतर तपासून वाढविलें, आणि मगच टप्प्याटप्प्यानें पालट केला. पश्चिम रेल्वेवर तो २०१२ सालीं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ सालीं, व हार्बर मार्गावर २०१६ सालीं पुरा झाला. पालटास थोडे तास लागले. त्याच्या तयारीस वर्षें लागलीं होतीं.

आतां आमच्या दुसऱ्या प्रयत्नाची तयारी सांगतों. पहिले तीन आठवडे आम्हीं कांहीं हलविलें नाहीं. नुसती मोजदाद केली. कोष्टकें किती, कोणतें वापरांत आहे, आणि या डेटाबेसाशीं कोण कोण बोलतें? बिलाचा संगणक व हजेरीचें यंत्र सर्वांना ठाऊक होतें. परंतु वजनकांटा, मालावरील पट्ट्या वाचणारें हातांतलें यंत्र, आणि महिन्यातून एकदांच चालणारा पगाराचा तक्ता, यांची आठवण कोणालाच नव्हती. या प्रत्येकाच्या पोटांत जुन्या सर्व्हरचा पत्ता आंकड्यांत लिहिलेला होता. तो काढून तेथें एक नांव घातलें. म्हणजे पालटाच्या वेळीं प्रत्येक यंत्र उघडावें लागत नाहीं. तें नांव कोणत्या पत्त्याकडे जातें, एवढेंच एका ठिकाणीं बदलावें लागतें.

दुसरी गोष्ट साफसफाईची. कीर्दींत 'ही ओळ बदलली' असें लिहावयाचें तर ती ओळ नेमकी कोणती, हें ओळखतां आलें पाहिजे. म्हणून प्रत्येक कोष्टकांत एकमेव असा क्रमांक हवा. आमच्या चार कोष्टकांत तो नव्हता, आणि एकांत तर त्याच त्या ओळी दोन-दोनदां होत्या. जनरल रजिस्टरांत दोन मुलांना एकच क्रमांक पडावा तसाच हा प्रकार. तो नव्या जागीं जाण्यापूर्वींच निस्तरावा लागतो. फार जुन्या वर्षांच्या, केवळ पाहण्यापुरत्या नोंदीही वेगळ्या काढून आधींच नेल्या. सामान तेवढें हलकें झालें.

तिसरी गोष्ट, जें कीर्दींतून आपोआप जात नाहीं त्याची यादी. पुढील बिलास कोणता क्रमांक द्यावयाचा, हा आंकडा डेटाबेस कोष्टकाबाहेर ठेवतो. पोस्टग्रेसच्या पुष्कळ आवृत्त्यांत तो या मार्गानें पलीकडे जात नाहीं. कोष्टकाच्या रचनेंत केलेला फरकही जात नाहीं. आमच्या पहिल्या प्रयत्नाची रीत निराळी होती, पण मागें राहिला तो हाच आंकडा. बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षांत एकमेव असला पाहिजे असा वस्तु व सेवा कराचा नियमच आहे. म्हणून पालटाच्या वेळीं तो आंकडा हातानें पुढें सरकवून ठेवावा लागतो. आणि रेप्लिकेशन चालू असेपर्यंत कोष्टकांच्या रचनेला कोणीं हात लावूं नये, असा कडक निर्बंध घालावा लागतो.

चौथी गोष्ट भाषा व घड्याळ यांची. आमच्याकडे कामगारांचीं नांवें मराठींत होतीं, पण जुनीं नांवें त्या काळच्या एका टंकाच्या सांकेतिक अक्षरांत भरलेलीं होतीं, आणि नवीं युनिकोडमध्यें. जुना टंक नसलेल्या ठिकाणीं तीं नांवें निरर्थक चिन्हांसारखीं दिसतात. तीं सर्व आधीं युनिकोडमध्यें आणलीं. त्यांत शुद्धलेखनाची माझी जुनी विद्या कामास आली. घड्याळाची गोष्ट याहून फसवी आहे. क्लाउडवरील यंत्रें पुष्कळदां जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलीं असतात, आणि आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटें पुढें. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपांचपर्यंत रातपाळीला आलेल्या माणसाची नोंद आदल्या तारखेस पडूं शकते. यंत्राला त्याचें कांहीं नाहीं. माणसाचा मात्र खाडा लागतो.

पांचवी गोष्ट अंतराची. सर्व्हर शेजारच्या खोलींत असतांना एका प्रश्नाचें उत्तर क्षणार्धांतही नव्हे, त्याहून लवकर मिळतें. तो दूर गेला कीं प्रत्येक प्रश्नाला जाण्यायेण्याचा वेळ पडतो. एका फेरीस सेकंदाचे पांच सहस्रांश धरले, आणि एखादा तक्ता २०,००० प्रश्न एकामागून एक विचारीत असला, तर नुसत्या येरझाऱ्यांत १०० सेकंद जातात. असा तक्ता आधीं शोधून, सर्व प्रश्न एकाच फेरींत विचारील असा तयार करावा लागतो. शिवाय नक्कल होईपर्यंतची सबंध कीर्द जुन्या सर्व्हरला सांभाळून ठेवावी लागते. तितकी मोकळी जागा त्याच्या डिस्कवर नसेल तर चालतें कामच बंद पडावयाचें.

इतकें झाल्यावर पडताळा. दोन्हीकडच्या ओळी मोजणें हा त्याचा आरंभ, शेवट नव्हे. एका मुलाचें नांव गळलें आणि दुसऱ्याचें दोनदां आलें तरी पटाची संख्या जुळते. म्हणून आम्हीं प्रत्येक महिन्याच्या बिलांची बेरीज, प्रत्येक मालाची शिल्लक व प्रत्येक कामगाराचे हजेरीचे दिवस दोन्हीकडे काढून ताडून पाहिले. आणि सबंध पालटाची दोनदां रंगीत तालीम केली. हातांत घड्याळ व समोर कागद. कोणी, कोणत्या मिनिटाला, काय करावयाचें, हें त्या कागदावर लिहिलेलें होतें. पहिल्या तालमींत तीन चुका निघाल्या, दुसरींत एक.

शेवटीं परतीची वाट. पालट झाल्यावर नव्या जागीं दहा बिलें झालीं आणि मग कांहीं बिघडलें, तर जुन्या सर्व्हरवर परतणें म्हणजे तीं दहा बिलें गमावणें. म्हणून पालटानंतर कीर्द उलट दिशेनें, नव्याकडून जुन्याकडे, वाहती ठेवण्याची व्यवस्था केली, आणि ती पंधरा दिवस ठेवली. आणखी एक ठरविलें: रात्रीं दोन वाजेपर्यंत पडताळा जुळला नाहीं, तर वाद न घालतां जुन्याच सर्व्हरवर काम सुरू करावयाचें. असा निर्णय दिवसा, शांतपणें घ्यावा लागतो. रात्रीं दोन वाजतां दमलेलीं माणसें 'आणखी दहाच मिनिटें' म्हणत राहतात.

या वेळीं आम्हीं गुरुवार निवडला नाहीं. काम थोड्या वेळाचें असल्यामुळें बुधवारीं दुसरी पाळी सुटल्यावर, वीज असतांनाच, तें उरकावयाचें होतें. सर्व यंत्रांना थोडा वेळ नव्या नोंदी बंद केल्या. जुनें वाचतां येई, नवें लिहितां येत नव्हतें. कीर्दीची शेवटची ओळ पलीकडे उतरल्याची खात्री केली. बिलाचा आंकडा पुढें सरकविला. बेरजा ताडल्या. नांव नव्या पत्त्याकडे वळविलें, आणि एक बिल करून पाहिलें. संकेतस्थळानें तें स्वीकारलें. पहिल्या नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत अर्धा तासही गेला नव्हता. माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, एवढ्याचसाठीं तीन महिने?" मीं म्हटलें, "अरे, तीन महिने होते म्हणूनच एवढेंच."

श्रोतेहो, अशा कामांत कौतुक होतें तें त्या अर्ध्या तासाचें, आणि खर्च कापला जातो तो त्या तीन महिन्यांचा. घरचें कोणी या धंद्यांत असेल तर त्याला इतकेंच विचारा: मोजदाद झाली काय, तालीम झाली काय, आणि परतीची वाट ठेवली आहे काय? तिन्हींस 'होय' असें उत्तर आलें, तर त्या रात्रीं तुम्हींही खुशाल झोंपावें.

शुक्रवारीं सकाळीं मी कारखान्यांत गेलों तो प्रथम हजेरीचा तक्ता उघडून बसलों. बुधवारच्या पाळ्या बुधवारींच होत्या. त्या बाई पहिल्या पाळीस आल्या, यंत्रावर बोट ठेवलें, आणि पडद्यावर त्यांचें नांव शुद्ध मराठींत उमटलें. त्यांनीं तिकडे पाहिलेंही नाहीं. त्या सरळ कामावर गेल्या.